कात्री कुणी लावायची?

माझी भाची चित्रपटांचं संकलन करते. सध्या तिच्या हातात एका ज्येष्ठ दिग्दर्शकाचा चित्रपट आहे. नाव तिने सांगितलं नाही, मीही खोदून विचारलं नाही.

"मामा, एक शॉट आहे. म्हातारा ओसरीवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडतोय. साडेपाच मिनिटं! कॅमेरा जागचा हलत नाही, कुणी अवाक्षर बोलत नाही. सर म्हणतात, हात लावायचा नाही."

"मग लावू नकोस."

"पण लांबलाय रे तो. ऐन भरात असताना याच माणसाने हे अर्ध्या मिनिटात सांगून टाकलं असतं. वय झालं की नजर जाते, हे म्हणायला आपण एवढे का बिचकतो?"

"कुरोसावाने 'रान' पंचाहत्तरीत केला. डोळे अधू झाले होते, तरी दृश्यांची चित्रं आधी स्वतः रंगवून ठेवली होती. जॉन ह्यूस्टनने 'द डेड' चाकाच्या खुर्चीत बसून, ऑक्सिजन लावून पुरा केला."

"अपवाद नकोत. आपल्या घरातलं बोल. शांतारामबापू."

पोरीने बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं. व्ही. शांताराम यांच्या १९३७ च्या 'कुंकू'ला पार्श्वसंगीत नाही. घरात जे आवाज होतील तेवढेच आपल्याला ऐकू येतात, आणि त्या घरात म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावून दिलेली नीरा ठाम नकार देत उभी असते. पस्तिशीतल्या माणसाने शांततेवर एवढा भरवसा ठेवला होता. त्यानंतर १९७१ चा 'जल बिन मछली नृत्य बिन बिजली' बघायला बसावं, तर रंग, वेषभूषा आणि नाच यांनी पडदा नुसता ओसंडतो. आदर आहे म्हणून मी तो शेवटपर्यंत पाहतो, एवढंच.

"'कुंकू'च्या वेळी प्रभात कंपनीत दामले, फत्तेलाल, धायबर, कुलकर्णी असे भागीदार होते," मी म्हटलं. "पुढे स्वतःच्या राजकमलमध्ये बापू एकटे मालक. नाही म्हणणारं कुणी उरलं नाही की असं होत असावं."

"वा! मग 'दो आँखें बारह हाथ' कुणाचा? तोही राजकमलचाच, १९५७ चा. बर्लिनला गौरव झाला त्याचा. आणि 'जल बिन मछली'नंतर वर्षभरात 'पिंजरा' आला, तो सत्तरीतल्या माणसाचाच. कंपनी तीच, मालक तोच."

"'पिंजरा'ला शंकर पाटलांचे संवाद, खेबुडकरांची गाणी, राम कदमांचं संगीत, समोर लागू आणि निळू फुले. सगळी तोलामोलाची माणसं."

"म्हणजे नजर दिग्दर्शकाची नसतेच, ती गोतावळ्याची असते?"

हे मला मान्य नव्हतं, पण खोडताही येईना. मी सत्यजित राय यांच्याकडे वळलो. हृदयविकारानंतर डॉक्टरांनी बंधनं घातली. १९८९ चा 'गणशत्रू' जवळजवळ सगळा स्टुडिओत झाला आणि तो नाटकासारखा वाटतो. १९९१ च्या 'आगंतुक'मध्येही माणसं बहुतेक वेळ दिवाणखान्यात बसून बोलतात, पण उत्पल दत्तचा तो मामा बोलू लागला की उठवत नाही. शरीर आणखी थकलेलं, जागा तेवढीच.

"फरक काय मग?"

"पहिल्यात इब्सेनच्या नाटकाचं म्हणणं पोचवायचं होतं. दुसऱ्यात स्वतःची कथा होती. हा मामा खरा की तोतया, हे आपल्यालाही शेवटाकडे जाईपर्यंत कळत नाही. रायना स्वतःलाच काहीतरी शोधायचं होतं, असं मला वाटतं."

"आणि 'मादादायो'? कुरोसावाचा शेवटचा, १९९३ चा. म्हाताऱ्या मास्तरांचं मांजर हरवतं आणि मोठमोठी माणसं ते शोधत हिंडतात. मी मध्येच उठले होते."

"मला तोच भाग सर्वांत आवडतो."

"तू आता सत्तरीचा आहेस म्हणून."

असेल. तिशीत मीही उठलो असतो. पण मग कुणाची नजर ग्राह्य धरायची, उठणाऱ्याची की बसून राहणाऱ्याची? मोठं नाव असलं की आपण एकतर दबून बघतो नाहीतर कीव करत बघतो. दोन्ही वेळा पडद्यावर काय चाललंय ते निसटतं. तिला मी एक कसोटी सुचवली: माणूस स्वतःच्याच जुन्या यशाची नक्कल करतोय का, ते बघ. संथपणाला दोष देऊ नकोस, पुनरावृत्तीला दे.

ती बराच वेळ गप्प होती.

"शेंगांचा शॉट त्यांनी आधी कधीच केलेला नाही," ती म्हणाली. "उलट त्यांचे सिनेमे घाईचे म्हणून प्रसिद्ध. पण मामा, नवं असलं म्हणजे चांगलं असतं, हे कुणी ठरवलं? कंटाळवाणंही नवं असू शकतं."

कसोटी तिथेच निकालात निघाली. संकलकांशी वाद घालू नये. नको ते कापायची त्यांना सवयच असते.

"मग काय करणार?"

"दीड मिनिटाचा कट करून दाखवणार. शेजारी साडेपाच मिनिटांचाही ठेवणार. भांडले तर ऐकून घेईन. का हवाय ते सांगता आलं, तर जसाच्या तसा ठेवीन."

"आणि 'तुला योग्य वाटेल ते कर, बाई' म्हणाले तर?"

"मग मात्र मी घाबरेन," ती म्हणाली, "आणि त्या शॉटला तर मुळीच हात लावणार नाही."