योग्य वाहन कोणास म्हणावे?

कठोपनिषदातील यम नचिकेत्याला आत्मविद्येच्या आग्रहापासून परावृत्त करण्यासाठी जी प्रलोभने पुढे ठेवतो, त्यांत दीर्घायुष्य, हत्ती, घोडे, सुवर्ण आणि विस्तीर्ण भूमी यांच्या जोडीला रथही आहेत. आणि त्याच ग्रंथात पुढे देहाला रथ, बुद्धीला सारथी, मनाला लगाम व इंद्रियांना घोडे कल्पून परमपदाच्या मार्गाचे जे वर्णन येते, त्यातही रथच आहे. एकच वाहन एके ठिकाणी मोह ठरावे आणि दुसरीकडे साधन, ही गोष्ट पेट्रोलवर चालणारी स्कूटर विकत घेऊ पाहणाऱ्या मध्यमवर्गीय गृहस्थाला जितकी विचार करायला लावील, तितकी ती कोण्या संन्याशाला लावणार नाही. कारण हिताचे ते श्रेय आणि आवडीचे ते प्रेय, यांचा निवाडा संन्याशाने एकदाच करून टाकलेला असतो, गृहस्थाला मात्र तो प्रत्येक खरेदीच्या वेळी नव्याने करावा लागतो.

असा निवाडा करण्याची वेळच कोणावर येऊ नये, अशी तजवीज एके काळी सरकारने करून ठेवली होती. परवान्यांच्या त्या अमदानीत बजाजची स्कूटर, जी आधी इटलीतील पिआज्जो कंपनीशी झालेल्या करारान्वये व्हेस्पा म्हणून आणि पुढे 1972 पासून राणा प्रतापाच्या घोड्याचे नाव घेऊन चेतक म्हणून रस्त्यावर आली, ती मिळविण्यासाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. परकीय चलनात रक्कम भरणाऱ्याचा क्रमांक तेवढा लवकर लागत असल्यामुळे आखातात नोकरीला असलेला मेहुणा ही त्या काळी मोठी मिळकत मानली जाई. त्या प्रतीक्षेला आज पुष्कळ वडीलधारी मंडळी साधेपणाचे नाव देतात, ते मला मान्य नाही. मिळत नाही म्हणून न घेणे हे वैराग्य नव्हे. अपरिग्रहाला आधी परिग्रहाची संधी असावी लागते, आणि येथे तर इच्छा रीतसर दफ्तरी दाखल करून, तिची पावती कपाटात जपून ठेवलेली असे.

आता संधीच संधी आहे. 2001 साली होंडाची ॲक्टिव्हा आली तेव्हापासून बिनगिअरच्या स्कूटरींनी घराघरांत ठाण मांडले, आणि आज 110 व 125 सीसीच्या इतक्या गाड्या एकमेकींशेजारी उभ्या असतात, की ग्राहक अखेरीस कोष्टकाला शरण जातो : अश्वशक्ती किती, एका लिटरात किलोमीटर किती, आसनाखालच्या डिक्कीत हेल्मेट मावते की नाही. उद्योगपर्वात कृष्णाने एका बाजूस आपली अफाट सेना आणि दुसऱ्या बाजूस नि:शस्त्र असा स्वतः, असे दोन पर्याय ठेवले, तेव्हा अर्जुनाने नि:शस्त्राला मागून घेतले आणि सेना वाट्यास आली म्हणून दुर्योधन मनापासून संतुष्ट झाला. दुर्योधनाचा हिशेब चुकला होता असे मी म्हणणार नाही, कारण संख्या खरीच होती. आपल्याला नेमके कशाची उणीव आहे, हा प्रश्न मात्र त्याने स्वतःला कधी विचारला नाही.

हाच प्रश्न आपल्या वेदान्त्यांनी अधिकाराच्या नावाने विचारला. ग्रंथ कितीही थोर असो, तो कोणासाठी आहे हे आधी सांगावे, मग विषयाला हात घालावा, अशी त्यांची शिस्त. आणि वाहनाच्या बाबतीत ती पाळली, तर सर्वोत्तम स्कूटर नावाची वस्तू जगात नाही, हे तत्काळ ध्यानात येते. आखूड बांध्याच्या माणसाला सिग्नलवर दोन्ही पाय जमिनीला टेकवता येणे, हे दोनचार अश्वशक्तींहून मोलाचे. गाडीचे शंभर किलोंहून अधिक वजन वाड्याच्या उंबऱ्यावरून रोज आत ओढून घ्यावे लागणाऱ्या पेन्शनराला त्यातले चारपाच किलो कमी असणे म्हणजे मनगटाला जीवदान. खड्ड्यांच्या रस्त्यावर 10 इंची चाकापेक्षा 12 इंची चाक कमी आदळते, हे तर तर्काने नव्हे, कमरेनेच कळते. कात्रजचा किंवा कोकणातला घाट दोघांनी वारंवार चढावयाचा असेल तर 125 सीसीचा जादा खर्च रास्त आहे. मंडई, शाळा आणि बँक एवढीच ज्याची परिक्रमा, त्याने तो निव्वळ शेजाऱ्यासाठी केलेला असतो. कंपनीने छापलेले मायलेज ठरावीक परिस्थितीत मोजलेले असते. त्यावरून लक्ष्मी रस्त्यावरच्या संध्याकाळचे अनुमान काढू नये.

तथापि अधिकाराच्या या विचाराला एक भगदाड आहे. माझी गरज काय, हे सांगणारा शेवटी मीच. आणि वासनेला गरजेचा वेष चढविण्यात मनासारखा चतुर कारकून नाही. मला वाटते, हे भगदाड बुजविण्याचा मार्ग स्कूटरच्या घडणीतच आहे. 1946 साली व्हेस्पाचा आराखडा करणारा कोर्रादिनो द'आस्कानिओ हा मूळचा विमानविद्येतला अभियंता, आणि मोटारसायकल त्याला आवडत नसे. म्हणून त्याने इंजिन पत्र्याआड झाकले, कपड्यांना तेल लागणार नाही असे केले, आणि पायांसमोर अशी मोकळी सपाट जागा ठेवली की लुगडे नेसलेल्या बाईलाही बिनदिक्कत चढता यावे. मिलान-जिनोव्याकडच्या बायका अर्थात लुगडे नेसत नव्हत्या, पण अडचण तीच. त्या सपाट जागेवर पुढे आपल्याकडे गॅसचे सिलिंडर, दळणाचा डबा आणि हँडल धरून उभे राहिलेले पोर यांनी पिढ्यान्‌पिढ्या वहिवाट केली. म्हणजे हे वाहन घेणाऱ्याच्या हौसेपेक्षा इतरांच्या सोयीचा विचार करूनच जन्माला आले.

उपनिषदातल्या रथात रथी वेगळा आणि सारथी वेगळा. स्कूटरवर हे दोघे एकाच शरीरात बसतात, आणि मागे तिसरे कोणीतरी बसते, ज्याची त्या रूपकात सोय नाही. त्या मागच्या माणसाला ना लगाम, ना ब्रेक, ना खरेदीखतावर सही. खड्डा त्याला दिसण्याआधीच बसतो. त्याच्याही मागे, गाडीवर नसलेला, पायी चालणारा इसम आहे, ज्याच्या नाकात जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांनी तेलमिश्रित धूर मुबलक सोडला. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या नियमांनी धुरातील दोष पुष्कळ घटला असला, तरी चौथ्या मजल्यावरून चार्जिंगची तार खाली सोडता येत नाही म्हणून पेट्रोल पत्करणाऱ्या भाडेकरूने हा इसम विसरू नये. 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांत एक ब्रेक दाबला असता दोन्ही चाके आवळली जावीत, ही सक्तीही चालकाइतकीच त्याच्यासाठी आहे. वस्तू प्रेय की श्रेय, याचा निवाडा या दोघांच्या बाजूने केला, म्हणजे मनाच्या कारकुनाला मखलाशी करावयास फारशी जागा उरत नाही.

माझ्यापुरते म्हणाल तर शहरातल्या बहुतेक संसारांना 12 इंची चाकांची, बुटक्या आसनाची 110 सीसी पुरेशी आहे. मात्र चाचणीच्या फेरीत मागच्या आसनावर विक्रेत्याला बसू न देता, रोज जी व्यक्ती तेथे बसणार तिला बसवावे, मग खरेदीदार नवरा असो की बायको, आणि गतिरोधक असलेल्या गल्लीतून दोनदा न्यावे. पाय ठेवावयाचा पायटा नीट लागतो का, धरावयाची कडी हाताशी येते का आणि साडीगार्ड पुरेसे आहे का, हे तिला विचारावे. रंगाचा प्रश्न त्यानंतर कोणीही सोडवावा.