एका रात्रीत

महाराष्ट्रातले पांडव भलतेच कामसू असले पाहिजेत. डोंगरात जिथं कुठं कोरलेली खोली दिसेल तिथं त्यांचं नाव लागलेलं. नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरात बौद्ध भिक्खूंसाठी कोरलेली २४ लेणी आहेत. लोक म्हणतात, पांडवलेणी. इगतपुरीजवळ त्रिंगलवाडीच्या किल्ल्याच्या पायथ्याला जैनांचं लेणं आहे, तेही पांडवांचं. गोष्ट सगळीकडं एकच. पांडव वनवासात होते, त्यांनी एका रात्रीत हे कोरलं, कोंबडा आरवला आणि उरलेलं काम अर्धवट राहिलं.

मी साच्यावर उभा राहणारा माणूस. रात्रपाळी म्हणजे काय आणि एका पाळीत किती काम उरकतं, ते मला कुणी शिकवायला नको. म्हणून या 'एका रात्रीत'बद्दल मला बोलायचं आहे.

कुणी म्हणेल, साधी गावातली गोष्ट, तिच्यावर काय एवढं भांडायचं? मी म्हणतो, हा नीतीचा प्रश्न आहे. गिरणीत एकानं काढलेलं कापड मुकादमानं दुसऱ्याच्या नावावर लावलं तर खात्यात मारामारी होईल. त्याला आपण चोरी म्हणतो. मग दगडाच्या बाबतीत तेच झालं तर त्याला श्रद्धा का म्हणायचं?

गेल्या हिवाळ्यात आम्ही खात्यातले सहाजण एका दिवसाच्या सहलीला इगतपुरीला गेलो. पहाटेच्या लोकलनं कसारा, तिथून जीप. वाट दाखवायला एक ठाकराचा पोरगा होता, विशीच्या आतला. पाय असे की उतारावर आम्ही बसत-घसरत आणि हा चपलेवर पळतोय. आधी त्यानं आम्हाला त्रिंगलवाडीचं लेणं दाखवलं, मग घाटाच्या कड्यावर नेऊन दरी दाखवली.

लेण्यात शिरलं की बाहेरचा उजेड मागं राहतो. पुढं ओसरी, मग कोरीव चौकटीचं दार, आत मोठा मंडप. मंडपाला चार खांब होते, त्यातले तीन पडले, एक उभा आहे. पार आत ऋषभनाथांची बसलेली मूर्ती आणि तिच्यापाशी कोरलेला लेख. म्हणजे लेणं स्वतःच सांगतंय की मी कुणाचं. पोरगा दारात उभा राहून म्हणाला, "हे पांडवांनी एका रात्रीत कोरलं."

मी विचारलं, "आत मूर्ती कुणाची?"

"जैनांचा देव हाये."

"मग पांडवांनी जैनांचा देव कशाला कोरला?"

तो हसला. "दादा, मला ठावं हाये माणसांनीच कोरलं. पण लोक पांडव ऐकायला येत्यात. माणसांनी कोरलं म्हनलं तर पैसे कोन देईल?"

मित्रांनो, या पोरानं एका वाक्यात जे सांगितलं ते जाड्या पुस्तकांतून सापडायचं नाही. माणसानं केलेल्या कामाला बाजारात भाव नाही. तेच काम देवानं केलं, राजपुत्रानं केलं म्हटलं की भाव येतो. आणि ही गोष्ट विकून पोट भरण्याची पाळी आली कुणावर? ज्याच्या स्वतःच्या बापजाद्यांच्या कामावर कुणाचं नाव लागलं नाही, त्याच्यावर.

हे फार खोल मुरलेलं आहे. ज्या समाजानं हातानं काम करणाऱ्याला खाली आणि न करणाऱ्याला वर बसवलं, त्या समाजाला मोठं काम बघितलं की प्रश्न पडतो, हे खालच्यांनी कसं केलं असेल? आणि तो उत्तर देतो, त्यांनी केलंच नाही. एका रात्रीत झालं. म्हणजे टाकी धरणारा नाही, घाम नाही, पिढ्या नाहीत, मजुरी नाही आणि मजुरी बुडवणाराही नाही. 'एका रात्रीत' या दोन शब्दांत अख्खा हिशेब मिटला. वर बुद्ध गेला, महावीर गेला, तो वेगळाच.

पूर्वीपासून असंच होतं असंही नाही. कार्ल्याच्या चैत्याच्या दर्शनी भागावर सामी नावाच्या सुताराचं नाव कोरलेलं आहे. धेनुकाकट गावचा, वेणुवासाचा मुलगा, त्यानं दार केलं, असं दगडात लिहिलंय. नाशिकच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. त्यानं भिक्खूंसाठी ३००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. कुणाकडं ठेवले माहीत आहे? गोवर्धन गावच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडं. २००० एकीकडं, दरमहा शेकडा १ व्याजानं. १००० दुसरीकडं, दरमहा शेकडा पाऊण व्याजानं. श्रेणी म्हणजे त्यांची संघटना. राजाच्या जावयानं विणकरांच्या संघटनेवर भरवसा टाकला आणि तो भरवसा दगडात कोरून ठेवला. मी कापडातला माणूस, मला हा लेख कळला त्या दिवशी मी खात्यात सगळ्यांना सांगत सुटलो. ज्या डोंगरात हे लिहिलंय त्याच डोंगराला आज पांडवांचं नाव आहे. दगडात नाव असूनही चोरी झाली. मग ज्यांचं नाव कोरलंच नाही त्यांचं काय?

लेण्यावरून आम्ही कड्यावर गेलो. खाली दरी, समोर काळ्या दगडाचे थर एकावर एक, जिन्यासारखे. हा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. लाव्हा एका दमात आला नाही, थरावर थर येत गेला, निवत गेला. मग पावसानं आणि ओढ्यांनी लाखो वर्षं घासून ही दरी पाडली. अजून पाडतायत. इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो पाणी नव्हे, टाकीच आहे. म्हणजे निसर्गालाही एका रात्रीत काही जमलेलं नाही.

त्याच डोंगराच्या पोटातून आगगाडी जाते. कसारा ते इगतपुरी हा थळघाटाचा रस्ता १ जानेवारी १८६५ ला सुरू झाला. १३ बोगदे. एहेगावचा पूल १८० फुटांहून उंच. चढ ३७ फुटांला १ फूट, म्हणून कसाऱ्याला गाडीला मागून जादा इंजिनं लावायची. शाळेत आम्हाला शिकवलं, इंग्रजांनी घाट फोडला. कुठल्या इंग्रजानं सुरुंगाची भोकं पाडली? हजारो मजुरांनी पहारा मारल्या, पाट्या वाहिल्या, कॉलऱ्यानं मेले. बोरघाटात जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून मजुरांनी दंगल केली. घाट फोडणाऱ्यांचा आवाज कागदावर आला तो असा, तक्रार म्हणून. 'इंग्रजांनी फोडला' हेही 'एका रात्रीत'च. फक्त पांडवांनी टोपी घातली.

आणि आता समृद्धी महामार्ग. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा सुरू झाला. इगतपुरीच्या डोंगरात पावणेआठ किलोमीटरचे दोन बोगदे. लोक कौतुकानं सांगतात, कसारा घाट आता काही मिनिटांत. खरं आहे, मिनिटांतच जातो. पण १ ऑगस्ट २०२३ च्या मध्यरात्री याच रस्त्यावर, शहापूर तालुक्यात, पुलाचं काम चालू असताना गर्डर बसवायचं अवजड यंत्र कोसळलं आणि २० माणसं मेली. लांबच्या राज्यांतून पोटासाठी आलेली बरीच. बघा, एका रात्रीत इथं एवढंच झालं. बाकी सगळं वर्षानुवर्षांचं काम.

आमच्यातला एकजण, चांगला दोस्त आहे, कड्यावर बसून ऐकत होता. तो वैतागला. म्हणाला, "अरे, आठवडाभर कानात साच्यांचा खडखडाट. एक दिवस सुट्टीचा. इथं वारा लागतोय तर तू मेलेली माणसं मोजतोस. साहेब लोक येतात, दरी बघतात, भजी खातात, त्यांना कुणी इतिहास विचारत नाही. आम्हालाच का?"

त्याचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. ते अर्धं खरं आहे. कामगाराला, दलिताला, आदिवासीला नुसतं बघत बसायचा हक्क आहे. प्रत्येक वेळी दुःखाचा दाखला खिशात घेऊनच हिंडलं पाहिजे असा काही कायदा नाही. आपले काही विद्वानही म्हणतात, भाकरीचा प्रश्न असताना दरी कसली बघता? त्यांनाही माझं सांगणं आहे, दरी कुणाच्या बापाची नाही. डोळे आम्हालाही आहेत.

पण हा नुसतं बघायचा हक्क तरी कुठून आला? आठवड्याची सुट्टी. गिरणी कामगारांना ती मिळाली १० जून १८९० पासून, नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांना गोळा करून वर्षानुवर्षं भांडण केलं तेव्हा. कड्यावर बसून वारा खायचा तो दिवससुद्धा कुणीतरी कोरून काढलेला आहे.

आणि फिरायला जायचा हक्क? १९३४ मध्ये बाबासाहेब आणि चळवळीतले तीसेक सहकारी सहलीला निघाले होते. नाशिकला जमले, वेरूळची लेणी बघायची होती. वाटेत दौलताबादचा किल्ला. रमजानचा महिना. किल्ल्याच्या दाराबाहेरच्या हौदावर त्यांनी प्रवासाची धूळ धुतली. तर तिथले मुसलमान धावून आले, धेडांनी पाणी बाटवलं म्हणून. शेवटी किल्ला बघू दिला तो एका अटीवर, आत कुठंही पाण्याला हात लावायचा नाही. आणि लक्ष ठेवायला हत्यारबंद शिपाई बरोबर दिला. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलंय.

मी त्या शिपायाचा खूप विचार करतो. वाट दाखवणारा आम्हालाही होता, त्यांनाही होता. दौलताबादच्या त्या अंधाऱ्या भुयारी वाटा बघण्यासारख्याच आहेत, पण त्या शिपायाला दगड दाखवायचा नव्हता. त्याचं काम एकच, यांचे हात कुठं जातात ते बघ. तेव्हा आमचे हात सगळ्यांना दिसायचे, पाण्याला लागतील म्हणून. आणि खांब कोरताना, बोगदा फोडताना तेच हात कुणाला दिसत नाहीत. एकाच व्यवस्थेचे हे दोन डोळे आहेत. बाटवायला हात आहेत, घडवायला हात नाहीत.

इथं एक सावधगिरी मी आपल्याच लोकांना सांगतो. लेणी बघितली की आपल्यालाही ऊत येतो. म्हणतो, हे सगळं आमच्याच पूर्वजांनी कोरलं. दगडावर टाकीवाल्याची जात कोरलेली नाही. पुरावा नसताना नाव लावणं हे आपण केलं तरी पांडवांचंच काम. आणि त्याची गरजही नाही. कोरणारा माणूस होता, पोटासाठी टाकी धरत होता, एवढ्यावर माझं त्याचं नातं जुळतं. इगतपुरीलाच १९७६ पासून धम्मगिरी आहे. तिथं जगभरातून माणसं येतात, दहा दिवस मौन पाळून डोळे मिटून बसतात, आहे तसं बघायला शिकतात. बुद्धाचा रस्ता आहे, ये आणि स्वतः बघ म्हणणारा. मग डोळे उघडे असताना तरी आहे तसं बघायला काय हरकत आहे?

आता त्या पोराचा प्रश्न. खरं सांगितलं तर पैसे कोण देईल? त्याला मी खोटारडा म्हणणार नाही. ज्याचं पोट गोष्टीवर आहे त्याच्याकडून फुकटात सत्य मागणं हा पोट भरलेल्यांचा नीतिवाद आहे. सत्याची किंमत ज्याला परवडते त्यानं मोजली पाहिजे. आणि इथं पैसे देणारे आम्ही होतो. ऐकणाराच मागत नसेल तर सांगणारा कशाला सांगेल? म्हणून जबाबदारी पहिली ऐकणाऱ्याची. जो पैसे देतो त्यानं म्हटलं पाहिजे, पांडव राहू दे, माणसांचं सांग. कोरलं कसं ते सांग. तुझ्या वाडीला मे महिन्यात पाणी कुठून येतं ते सांग. आम्ही त्याचेच पैसे देऊ.

आम्ही ते केलं. ठरल्यावर वर थोडे दिले आणि म्हटलं, आता तुझं सांग. मग उतरताना त्यानं जे दाखवलं ते आमच्यापैकी कुणाला दिसलं नव्हतं. कुठल्या कपारीत पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकतं, करवंदाची जाळी कुठं दाट, पावसात कुठली वाट बंद होते, दरीत उतरायची जुनी वाट कुठली आणि तिच्यावरच्या पायऱ्या कुणी खोदल्या. त्या पायऱ्या त्याच्या आजाच्या पिढीनं खोदल्या होत्या, गुरं उतरवायला. किती दिवस लागले, मी विचारलं. तो म्हणाला, "दोन उन्हाळे गेले म्हनत्यात."

तुम्ही इगतपुरीला गेलात तर तेवढं विचारा. पैसे देऊन विचारा.