हे चित्र कोणाचे?

आमच्या दिवाणखान्यात पीटर ब्रूगेल या फ्लेमिश चित्रकाराच्या एका चित्राची छापील प्रत टांगलेली आहे. एका मित्राने व्हिएन्नाहून आणलेली. गेल्या दिवाळीत माझी नात त्या चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली आणि मग तिने विचारले, "आजोबा, हे चित्र कुणाचं?"

"ब्रूगेलचं," मी म्हणालो.

"म्हणजे त्याच्या घरी आहे?"

"नाही ग, तो तर कधीच गेला. आता ते व्हिएन्नाच्या संग्रहालयाचं."

"पण चित्र कुणाचं आहे?" तिने पुन्हा विचारले. माझी दोन्ही उत्तरे तिच्या कामाची नव्हती. चित्रात कोण आहे, एवढेच तिला हवे होते. आपल्या भाषेतला 'चा-ची-चे' हा प्रत्यय मोठा उदार आहे. काढणारा, बाळगणारा आणि काढला गेलेला या तिघांनाही तो एकाच पंगतीला बसवतो.

मूळ चित्र ओकच्या फळीवर तैलरंगात काढलेले आहे; सुमारे ११८ सेंटिमीटर उंच आणि १६१ सेंटिमीटर रुंद. साल १५६०. एवढ्या जागेत दोनशेहून अधिक मुले आणि ऐंशीच्या आसपास खेळ! सारा चौक मुलांनी बळकावला आहे. मोठी माणसे जवळजवळ नाहीतच. डाव्या कोपऱ्यात दोघी सागरगोटे खेळताहेत; फरक इतकाच की त्यांचे सागरगोटे हाडांचे आहेत. कुठे आंधळी कोशिंबीर रंगली आहे, कुठे भोवरे, कुठे चाकाचे कडे काठीने पळवणे. कोणी एकमेकांच्या पाठीवरून उड्या मारताहेत. खोटे लग्नही आहे. आमच्या भातुकलीत तरी दुसरे काय होते? गंमत म्हणजे या मुलांचे चेहरे मुलांचे वाटत नाहीत. कोणी खळखळून हसत नाही. सारी कशी कचेरीत बसल्यासारखी गंभीर. म्हणून काही पंडितांनी या चित्रात प्रवचन शोधले: मोठ्यांचे व्यवहार देवाच्या दृष्टीने असेच पोरखेळ! असेलही. पण खेळणाऱ्या मुलाकडे लपून पाहावे. ते खरोखरच हसत नसते. ब्रूगेलने निदान पाहिले तरी होते.

आता मालकीचे. ब्रूगेल १५६९ साली वारला. १५९४ साली हे चित्र हाप्सबुर्ग घराण्यातल्या आर्चड्यूक अर्न्स्टने विकत घेतले. स्पेनच्या राजाच्या वतीने तो नेदरलँड्सचा कारभार पाहण्यासाठी नुकताच ब्रुसेल्सला आला होता. पुढच्याच वर्षी तो वारला, आणि त्याचा संग्रह भावाकडे, म्हणजे सम्राट रुडॉल्फकडे गेला. पुढे १९१८ साली साम्राज्य संपले, प्रजासत्ताक आले. चित्र व्हिएन्नातच राहिले. हिशेब चोख. पैसे मोजले, वस्तू घेतली. यात बोट ठेवायला जागा नाही.

पण त्याच अर्न्स्टकडे त्याच वर्षी ब्रूगेलची आणखी सहा चित्रे आली, ऋतुमासांची. ती त्याने विकत घेतली नाहीत. अँटवर्प शहराने त्याला नजर केली. हे तेच अँटवर्प, जे वर्षभराहून अधिक वेढा सोसून १५८५ साली स्पॅनिश फौजेला शरण गेले होते. जिंकलेल्या शहराने नव्या सुभेदाराला दिलेल्या देणगीला देणगी म्हणावे काय? आणि त्या सहांपैकी कापणीचे चित्र १८०९ साली, नेपोलियनची फौज व्हिएन्नात असताना, तिथून पॅरिसला गेले. १९१९ पासून ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात आहे. एक चित्र खरेदीने गेले, काही नजराण्याने, एक फौजेच्या मागोमाग. तिन्हींकडे कितीही निरखून पाहा, रंगावर यातल्या कशाचाही डाग नाही. झाडाखाली झोपलेला तो शेतकरी अजून तसाच निवांत घोरतो आहे.

मग कोणी म्हणेल, चित्र पाहा, आनंद घ्या. पूर्वीच्या पावत्या कशाला उकरता? मलाही पुष्कळ दिवस असेच वाटे. कुळी विचारून सौंदर्य पाहणे मला अडाणीपणाचे वाटत असे. माझे मत बदलले ते त्याच व्हिएन्ना शहरामुळे. १९३८ साली नाझी तिथे आले आणि ज्यू कुटुंबांच्या भिंतींवरची चित्रे काढून नेऊ लागले. त्यांतली काही सरकारी संग्रहालयांत जाऊन बसली, अगदी कागदपत्रांनिशी. ऑस्ट्रियाने १९९८ साली कायदा केला, आणि सरकारी संग्रहांतल्या वस्तू कोणाकडून, कशा आल्या याचा रीतसर शोध सुरू झाला. तिथे 'हे चित्र कोणाचे?' हा प्रश्न कलेचा उरत नाही. भिंतीवर एक रिकामा चौकोन असतो, आणि तो ज्यांच्या घरात होता त्यांची मुले जिवंत असू शकतात. चित्राला डाग लागत नाही हे खरे. पण अन्याय चित्रावर झालेला नसतोच, तो माणसांवर झालेला असतो.

अर्थात याला कुठेतरी सीमा हवी. अँटवर्पच्या नजराण्याचा दावा आज कोणी कोणावर लावावा? चारशे वर्षांत देणारे उरले नाहीत, घेणारे उरले नाहीत, देशांच्या सीमाही त्या राहिल्या नाहीत. काळ माझ्या मते दावा मिटवतो. मात्र घडलेले सांगण्याचे कर्तव्य मिटवत नाही. चित्राखालच्या पाटीवर 'देणगी' एवढाच शब्द असेल, तर तो अर्धसत्य आहे.

आणि नातीचा तिसरा अर्थ तसाच राहिला. मालकांची नावे आपल्याला ठाऊक आहेत, तारखांसकट. चौकातल्या त्या दोनशे पोरांपैकी एकाचेही नाव नाही. उजवीकडे खाली एका तुळईवर ब्रूगेलने आपली सही केली आहे, आणि तिथेच जवळ एक मुलगी विटेची लाल पूड खरवडत दुकान मांडून बसली आहे. रंगाची पूड! त्याच्याही हाती दिवसभर तेच काम असणार.

मी नातीला ती मुलगी दाखवली. तिने काचेवर बोट टेकवले, क्षणभर विचार केला, आणि म्हणाली, "मग हिचं." एवढे म्हणून ती अंगणात पळाली. किल्ल्यावर पेरलेल्या हळिवाला अजून पाणी घालायचे राहिले होते.