काळजी करणे आणि काळजी घेणे

डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने अन्नाविषयी दोन गोष्टी सांगितल्या आहेत आणि मत्तयच्या शुभवर्तमानात त्या एकाच, सहाव्या, अध्यायात येतात. रोजची भाकर पित्याकडे मागावी, ही पहिली. काय खावे याची काळजी करीत बसू नये, ही दुसरी. वरवर पाहता दोहोंत विरोध भासतो. जी वस्तू रोज मागायची तिची काळजी मात्र करायची नाही, हे कसे? निरोगी माणसाला या प्रश्नाशी फारसे झुंजावे लागत नाही. तो जेवतो आणि आपल्या कामाला लागतो. परंतु वजन कमी करण्यासाठी पोटावर शस्त्रक्रिया करून घेण्याचे ज्याने ठरवले आहे, त्याच्या घरात हा प्रश्न दररोज पानावर येऊन बसतो. अशी शस्त्रक्रिया आता आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांनाही अगदी अनोळखी राहिलेली नाही. तिच्यासंबंधी धर्मगुरूला जे विचारले जाते, त्यात वैद्यकाचा भाग थोडा आणि विवेकबुद्धीचा भाग मोठा असतो. म्हणून त्याचा थोडा विचार करू.

प्रथम वस्तुस्थिती. आज ही शस्त्रक्रिया प्रामुख्याने दोन प्रकारे केली जाते. एका प्रकारात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि एक अरुंद नळी तेवढी मागे ठेवतात. दुसऱ्या प्रकारात जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलिटर मावेल एवढी लहानशी पिशवी तयार करून ती लहान आतड्याला पुढच्या बाजूस जोडतात; त्यामुळे जठराचा उरलेला भाग आणि आतड्याचा आरंभीचा भाग वगळून अन्न पुढे जाते. आपल्या लोकांना तुलनेने कमी वजनावरही मधुमेह जडतो. म्हणून २०२२ साली सुधारलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांत आशियाई वंशाच्या रुग्णांसाठी वजनाची मर्यादा इतरांपेक्षा खाली आणण्यात आली.

आता पहिला नैतिक प्रश्न. शेजारीपाजारी कुजबुज होते की, आधी जिभेला आवर घातला नाही आणि आता पोट कापून घेतले. या बोलण्यात खादाडपणाचे पाप आणि शरीराचे वजन ही एकच गोष्ट मानलेली असते. ख्रिस्तसभेची परंपरा तसे मानीत नाही. सहाव्या शतकातील संत ग्रेगरी यांनी खादाडपणाचे पाच प्रकार सांगितले: वेळेआधी खाणे, फार महागडे खाणे, फार खाणे, अधाशीपणे खाणे आणि फार चोखंदळपणे खाणे. या पाचांत वजनाचा उल्लेख नाही. सडपातळ माणूसही या पाचही प्रकारे चुकू शकतो. स्थूलपणामागे आनुवंशिकता असते, काही औषधे असतात, आणि उतरलेले वजन पुन्हा भरून काढण्याची शरीराची स्वतःची धडपड असते. भूक चाळवणारे एक संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होते; पहिल्या प्रकारच्या शस्त्रक्रियेत तो भाग काढल्यावर त्याचे प्रमाण घटते. मनाच्या दुबळेपणाचे म्हणून आपण ज्याला नाव ठेवतो त्यात शरीराचा वाटा किती मोठा असतो, हे यावरून ध्यानी यावे. खाण्यात माणसाची काहीच जबाबदारी नसते, असा याचा अर्थ नव्हे. पण ती जबाबदारी किती, हे शेजाऱ्याला तराजूवर तोलता येत नाही.

निरोगी अवयव कापणे योग्य काय, असेही कुणी विचारतात. संपूर्ण देहाच्या हितासाठी एखाद्या अवयवाचा त्याग करता येतो, हे तत्त्व पोप पायस बारावे यांनी १९५२ साली वैद्यकीय संशोधकांपुढे केलेल्या भाषणात स्पष्ट केले होते. मधुमेह, उच्च रक्तदाब, झोपेत श्वास अडकणे अशा व्याधींनी देह पोखरला जात असेल आणि जाणकार डॉक्टरांनी सल्ला दिला असेल, तर ही शस्त्रक्रिया त्या तत्त्वात बसते. केवळ आरशातल्या रूपासाठी ती करून घेणे ही वेगळी गोष्ट आहे. देहाची पूजा बांधू नये, असे १९९२ च्या कॅथलिक श्रद्धाग्रंथातही बजावले आहे.

खरा कठीण प्रश्न यानंतर सुरू होतो. शस्त्रक्रिया एका सकाळी उरकते. आहाराचा प्रश्न जन्मभर सोबत राहतो. आधीचे दिवसही सोपे नसतात. शरीर स्थूल असले म्हणजे ते चांगले पोसलेले असते, असा आपला समज आहे. प्रत्यक्षात अशा अनेक रुग्णांत लोह आणि ड जीवनसत्त्व आधीच कमी आढळते. म्हणून रक्ततपासणी करून उणीव भरून काढावी लागते. शिवाय यकृतावरील चरबी उतरावी आणि शल्यविशारदाला जागा मिळावी म्हणून पुष्कळदा काही दिवस अत्यंत मोजका आहार घ्यावा लागतो. नंतर प्रथम पातळ पदार्थ, मग घोटलेले, मग मऊ, अशा पायऱ्या चढाव्या लागतात. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिने हवीत, असे सांगितले जाते. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात आणि पोटात तर चार घास मावतात. म्हणून मासळी, अंडे, डाळ, दही आधी आणि भात मागाहून, असा क्रम लावावा लागतो. आपल्यासारख्या भातखाऊ लोकांना हा क्रम उलटा वाटतो, पण त्याला इलाज नाही.

याशिवाय लोह, कॅल्शियम, ड आणि ब-१२ ही जीवनसत्त्वे औषधरूपाने जन्मभर घ्यावी लागतात. ब-१२ शोषून घेण्यास लागणारे द्रव्य जठरातच तयार होते. यकृतात त्याचा साठा काही वर्षे पुरेल एवढा असतो, त्यामुळे उणीव लगेच जाणवत नाही. मग वजन उतरले, अंगात हलकेपणा आला, आता गोळ्या कशाला, असे म्हणून माणूस त्या सोडून देतो. हातापायांना मुंग्या येऊ लागतात तेव्हा बराच उशीर झालेला असतो. याउलट वारंवार उलट्या होऊन अन्न टिकत नसेल, तर ब-१ जीवनसत्त्व काही आठवड्यांतच संपते आणि मेंदूला इजा होऊ शकते. अशा वेळी विनाविलंब डॉक्टर गाठावा.

येथे आपली मराठी भाषाच वाट दाखवते. आपण काळजी करतो आणि काळजी घेतो. शब्द एक, पण क्रियापदाने त्याचा अर्थ पालटतो. काळजी करणारा रात्री जागतो, घासाघासाला भितो, दिवसातून तीनदा वजनकाट्यावर उभा राहतो आणि इतके करूनही तपासणीची तारीख चुकवतो. कारण त्याला निकालाचे भय वाटते. काळजी घेणारा गोळी वेळेवर घेतो, लोह आणि कॅल्शियम एकत्र न घेता मध्ये दोन तासांचे अंतर ठेवतो, सावकाश चावतो आणि उरलेला दिवस आपल्या कामाला व माणसांना देतो. प्रभूने पहिल्या गोष्टीला मनाई केली आहे, दुसरीला नव्हे. पहिलीत माणूस उद्याचा दिवस आपल्या मुठीत धरू पाहतो. दुसरीत आज हाती आलेले दान तो जपतो. काही वर्षांनी थोडे वजन परत वाढले, तरी काळजी घेणारा लाजून दडी मारत नाही. तो डॉक्टरांकडे जातो. काळजी करणारा निराश होतो आणि ती निराशा त्याला पुन्हा चोरून खाण्याकडे ढकलते.

या दृष्टीने याईराच्या मुलीची कथा मला फार बोलकी वाटते. बारा वर्षांची मुलगी मरणातून उठली. सारे थक्क झाले असताना, तिला काहीतरी खायला द्या, असे प्रभूने घरच्यांना सांगितले. जीवन परत देणे हे त्याचे काम होते. ते जीवन पोसणे त्याने घरच्यांवर सोपवले. चमत्कारानंतरचे पहिले कर्तव्य स्वयंपाकघरातले होते. शस्त्रक्रियेनंतर रुग्ण घरी येतो तेव्हा हेच कर्तव्य त्याच्या कुटुंबापुढे उभे असते.

दुर्दैवाने आपले प्रेम बहुधा आग्रहाच्या रूपाने व्यक्त होते. सणाला, लग्नाला, बाप्तिस्म्याच्या जेवणाला पाहुण्याने नको म्हटले तरी आपण वाढतोच. न वाढल्यास आपल्याला अपराधी वाटते. अशा रुग्णाला तो आग्रह बाधतो. एक जादा घास उलटीला कारण होतो. गोडधोडाने घाम फुटून छाती धडधडू लागते. मद्याचा आग्रह तर अधिकच घातक. या शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः दुसऱ्या प्रकारानंतर, मद्य लवकर चढते आणि व्यसनाचा धोका वाढतो. त्याने पेला बाजूस सारला, तर त्याला हसू नये. त्याच्या पानात थोडे वाढून, त्याच्या गतीने, त्याच्याशी बोलत जेवणे हेच त्याचे खरे आदरातिथ्य.

उपवासाविषयीही पुष्कळांच्या मनात शंका असते. राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार या दिवसांच्या उपवासाचा नियम १८ व्या वर्षापासून ५९ वर्षे पूर्ण होईपर्यंत लागू असतो. पण ज्याच्या प्रकृतीला त्यामुळे अपाय होईल त्याला तो बांधत नाही, अशीच ख्रिस्तसभेची परंपरागत शिकवण आहे. ख्रिस्तप्रसादापूर्वीच्या एका तासाच्या उपवासातून पाणी आणि औषध वगळलेले आहे. आजारी व्यक्तींना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांनाही १९८३ च्या धर्मकायद्याने सूट दिली आहे. अशा रुग्णाने डॉक्टरांनी सांगितलेला आहार उत्तम शुक्रवारीही घ्यावा आणि प्रायश्चित्त म्हणून प्रार्थना किंवा दानधर्म करावा. किंबहुना भूक नसताना वेळेवर चार घास खाणे आणि आवडता पदार्थ समोर असताना हात आखडणे, हे त्याचे वर्षभराचे प्रायश्चित्तच असते.

रोजची भाकर मागताना आपण वर्षभराची मागत नाही, आजची मागतो. या रुग्णाच्या वाट्याला ती चार घासांची येते. ते चार घास कृतज्ञतेने, सावकाश आणि न घाबरता खाता आले, तर प्रभूच्या त्या दोन वचनांतला विरोध त्याच्यापुरता तरी मिटला, असे म्हणावे.