खत कोणाचे बुडवावे?

श्रीतुकोबारायांनी खतपत्रे इंद्रायणीत सोडली, ही कथा वारकऱ्याला पाठ असते. अलीकडे सावेडीसारख्या उपनगरात, जिथे घरटी एखादे तरी क्रेडिट कार्ड निघते, तिथे या कथेवरून कोणी विचारतो, "महाराजांनी खते बुडवली, मग आम्ही बँकेचे बुडवले तर काय बिघडले?" विचारणारा हसतो खरा, पण त्याच्या पोटात काळजी असते. म्हणून या प्रश्नाचा थोडा विचार करू.

कथा सांगणारे महिपतीबुवा आपल्याच जिल्ह्यातले, ताहराबादचे. ते सांगतात, निम्मी खते महाराजांनी धाकटे बंधू कान्होबा यांना दिली व उरलेली निम्मीच पाण्यात सोडली. ती खते लोकांकडून येणे असलेल्या पैशाची होती. म्हणजे महाराजांनी आपले येणे सोडले, कोणाचे देणे बुडवले नाही. भावाच्या वाट्यालाही हात लावला नाही. येणे सोडणे हा त्याग, आणि ऐपत असून देणे बुडवणे ही लबाडी.

मग धनको मागेल तेवढे सारे खरे काय? तसेही नाही. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याला दंगा उठला आणि तो आपल्या पारनेर-श्रीगोंद्यापर्यंत पोचला. कुणब्यांनी सावकारांची खते जाळली. पुढे १८७९ च्या कायद्याने कोर्टाला खताच्या मागे जाऊन मुद्दल किती, व्याज किती, हे तपासता येऊ लागले. दामदुपटीचा जुना नियमही हेच सांगे, की एका वेळी व्याज मुद्दलाहून अधिक वसूल करू नये. घेतलेले फेडावे हा धर्म, आणि व्याजाला मर्यादा असावी हा न्याय.

कार्डाला मात्र ही मर्यादा नाही. ग्राहक आयोगाने २००८ साली घातलेली वर्षाला ३० टक्क्यांची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली. तेव्हा हिशेब आपणच ठेवला पाहिजे. समजा, ५०,००० रुपये थकले. महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज १,७५० आणि त्यावर कर ३१५. 'किमान रक्कम' म्हणून ५ टक्के, म्हणजे २,५०० भरले, तरी मुद्दलातून फिटले अवघे ४३५! वर बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागते.

तरणोपाय काय? पहिली गोष्ट, घरात लपवू नये. लपवलेले कर्ज व्याजापेक्षा वेगाने वाढते, कारण ते झाकायला दुसरे कार्ड काढावे लागते. कार्ड बाजूला ठेवावे, बँकेत जाऊन थकबाकीचे कमी व्याजाचे हप्ते करून मागावेत आणि ज्याचे व्याज जास्त ते देणे आधी फेडावे. वसुलीवाल्याने सकाळी ८ च्या आधी व संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, धाकदपटशा करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा आदेश आहे. तो मोडला तर बँकेकडे तक्रार करावी. ३० दिवसांत दाद लागली नाही तर लोकपालाकडे जावे.

आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनो, ऋणको दिसला की तोंड फिरवू नका. महाराजांचेही दुष्काळात दिवाळे निघाले होते. लाजेपायी माणूस जिवाचे बरेवाईट करून घेतो. त्याने कर्ज फिटत नाही, घर मात्र उघडे पडते. आपले हातउसने कोणा गरिबाकडे अडकले असेल, तर ते खुशाल इंद्रायणीत सोडावे. दुसऱ्याचे देणे मात्र थोडे थोडे, पण फेडीत राहावे.