जनीची वाकळ



संत जनाबाईची कथा आपण सर्वांनीं कीर्तनांतून ऐकली आहे. देव रात्रीं तिच्या झोपडींत आला, बोलतां बोलतां पहांट झाली. काकड आरतीची वेळ चुकूं नये म्हणून तो लगबगीनें निघाला आणि आपला शेला व पदक तेथेंच विसरून, जनीची वाकळ पांघरून राउळांत उभा राहिला. पुढें पदकाच्या चोरीचा आळ जनीवर आला आणि सुळाचें पाणी झालें. श्रोते सुळापाशीं डोळे पुसतात. वाकळेची विचारपूस कोणी करीत नाहीं. आमचें चित्त मात्र तेथेंच अडतें. जीर्ण वस्त्रांचे तुकडे जोडून शिवलेलें तें पांघरूण पांडुरंगाला अपवित्र वाटलें नाहीं.

मग जुनें वस्त्र पाण्यांत सोडलें कीं पाप गेलें, ही समजूत आली कोठून? पूर्वीचें सुती लुगडें निदान कुजून मातीस मिळे. आजचें पॉलिएस्टर दगडी तेलापासून होतें. तें पाण्यांत कुजत नाहीं, वाळूंत रुतून बसतें. चंद्रभागेच्या वाळवंटांत वारी पांगल्यावर अशीं वस्त्रें पडलेलीं दिसतात. त्याच वाळवंटांत गाडगेबाबा खराटा चालवीत, आणि त्यांच्या स्वतःच्या अंगावर चिंध्या जोडून केलेलें वस्त्र असे. बाबांनीं १९५६ सालीं देह ठेविला. आपलें पाप फिटावें म्हणून दुसऱ्याच्या हातीं खराटा द्यावा, हें कोणत्या धर्मांत बसतें?

(आम्ही पुजाऱ्याच्या घरचे, म्हणून आणखी एक सांगतों. ओटीचा खण या घरून त्या घरीं फिरत राहतो; त्याची चोळी क्वचितच कोणी शिवते!)

आमच्या बेळगांव भागांत वाकळ शिवणें ही घरोघरची विद्या होती. खालीं अखंड जुनें लुगडें किंवा धोतर अंथरावें, त्यावर धुतलेल्या कापडाचे तीन-चार थर पसरावे, मोठे टांके घालून ते जागीं बसवावे, आणि मग कडेपासून मध्याकडे धावदोरा घालीत यावें. प्रत्येक फेरीस कापड हातानें सपाट करावें. नाहींतर आंतल्या सुरकुत्या निजणाऱ्यास टोंचतात. अंगास लागणारी बाजू सुतीच ठेवावी. पॉलिएस्टर घाम टिपत नाहीं. तें मधल्या थरांत घालावें. हल्याळ-यल्लापुराकडच्या सिद्दी स्त्रिया अशाच वाकळेला कवंदी म्हणतात. तिच्या चारी कोंपऱ्यांस त्या कापडाच्या घड्यांचीं फुलें शिवतात. फुलांवांचून कवंदी उघडी राहिली असें त्या मानतात. चिंध्यांच्या कामांतही एवढा शृंगार!

ज्यांना ही विद्या येते अशा आजीबाई आपल्यांत अजून आहेत, पण त्यांच्याजवळ बसून शिकणारें कोणी नाहीं. म्हणून आमची विनंती आहे कीं एकादशीस दुपारीं त्यांनीं सभामंडपांत यावें, आणि सुना-नातवंडांनीं जुनीं वस्त्रें धुऊन, गुंड्या काढून सोबत आणावीं. मुलग्यांनींही यावें. दृष्टि मंदावलेल्या आजींना सुईंत दोरा ओंवून द्यायला कोणीतरी हवेंच.