अल्गोरिदम नसतानाही

ऑनलाइन चर्चा बिघडली की आपण अल्गोरिदमवर खापर फोडून मोकळे होतो. २०२५ मध्ये ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या पेटर टोर्नबर्ग आणि माइक लारोय या संशोधकांनी खिळवून ठेवणारा अल्गोरिदमच वगळून पाहिला. त्यांनी एक साधं, आभासी सोशल मीडिया उभारलं. त्यात ५०० चॅटबॉट सोडले, प्रत्येकाला राजकीय मतं दिली. त्यांनी करायचं ते इतकंच : लिहिणं, शेअर करणं, फॉलो करणं. तरीही कंपू पडले, मूठभरांचाच बोलबाला झाला, टोकाची मतं जास्त पसरली. सहा उपाय करून पाहिले. एकही पुरा पडला नाही.

अर्थात चॅटबॉट म्हणजे माणूस नव्हे. रागाच्या भरात लिहिलेलं खोडावं, असं त्याला आपणहून वाटत नाही. आपल्याला वाटू शकतं, म्हणूनच जबाबदारी येते. आपण एखादी पोस्ट शेअर करतो तेव्हा नुसती दाद देत नाही. ती पाहून इतर लोक कुणाला फॉलो करायचं, यापुढे कुणाचं ऐकायचं, ते ठरवतात. कंपन्यांचा दोष त्यामुळे कमी होत नाही. पण शेअर करणारं बोट आपलंच असतं, आणि मतदानाची शाई लागते तीही बोटालाच.